आवडलेली बातमी आधी तपासा

‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचे हाल केले जात आहेत, अशी चर्चा तेव्हा सगळीकडे होती. तिचा रोख दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर होता. अशातच बर्व्यांची म्हणून काही पत्रे पुढे आली. पत्रे खरी असती तर कारस्थानाचा लेखी पुरावाच हाती लागल्यासारखे होते. ‘केसरी’चे संपादक आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक, दोघेही पंचविशीतले. महाराजांविषयी दोघांनाही मनापासून कळवळा होता. त्या पत्रांच्या आधारे मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट ठरली. दोन्ही संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले.

ही हकीकत आपल्याकडे त्यागाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करणाऱ्याला तिच्यात आणखी एक धडा दिसतो. हेतू स्वच्छ होता, लेखणी समर्थ होती, आणि महाराजांविषयीची काळजीही रास्त होती. कच्ची राहिली ती एकच जागा: ही पत्रे बर्व्यांचीच कशावरून?

बातमी छापण्याआधी संपादक मंडळी जे काही करतात, त्याचे सार याच प्रश्नात आहे. शुद्धलेखन, मथळा, काटछाट ही कामे डोळ्यांना दिसतात म्हणून संपादन म्हणजे तेवढेच, असा समज होतो. खरे संपादन ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ असे विचारण्यापासून सुरू होते. आणि हा प्रश्न सर्वांत कठोरपणे विचारायचा असतो तो आपल्याला आवडलेल्या, पटलेल्या, हवीहवीशी वाटणाऱ्या बातमीला. नावडत्या बातमीवर शंका घ्यायला कोणी शिकवावे लागत नाही.

कॉपीचा प्रवास

बातमीदार जे लिहून देतो त्याला कचेरीत ‘कॉपी’ म्हणतात. ती आधी मुख्य वार्ताहराच्या नजरेखालून जाते. कोणाशी बोललास, आदेशाचा कागद स्वतः पाहिलास का, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे कुठे आहे, असे प्रश्न तिथेच विचारले जातात. मग कॉपी डेस्कवर येते. डेस्कवरचा उपसंपादक तिची भाषा नीट करतो, तपशील जुळवतो, मथळा देतो. मुख्य उपसंपादक ती पुन्हा वाचतो आणि कोणत्या पानावर, किती कॉलम, हे ठरवतो. पहिल्या पानाच्या आणि वादाच्या बातम्या वृत्तसंपादक पाहतो, गरज पडली तर संपादक आणि वकीलही. पूर्वी याच्याही पुढे मुद्रितशोधकांचा विभाग असे. एक जण मूळ कॉपी मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रुफावर खुणा करायचा. संगणक आल्यावर बहुतेक ठिकाणी हा विभाग आटला आणि त्याचे काम डेस्कच्या अंगावर पडले.

एवढ्या हातांमधून मजकूर फिरवण्यामागे बातमीदारावरचा अविश्वास नसतो. दिवसभर घटनास्थळी असलेल्या माणसाला सगळे माहीत असते, म्हणून आपण कागदावर काय लिहिलेले नाही हे त्याला दिसत नाही. उपसंपादक तिथे गेलेला नसतो. तो वाचकाच्या जागेवरून वाचतो आणि त्याला पोकळ्या दिसतात.

डेस्कवरच्या नजरेला काही जागा सवयीने खुपतात. वार आणि तारीख जुळते का? एकाच माणसाचे आडनाव वर ‘काळे’ आणि खाली ‘काले’ झाले आहे का? वडगाव म्हणजे मावळातले, शेरीचे की बुद्रुक? इंग्रजीतून आलेल्या वृत्तसंस्थेच्या बातमीत आकड्यांचे रूपांतर बरोबर झाले आहे का? एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. रात्री अकरा वाजता, तीन पाने एकदम लावत असताना, यातले एक शून्य निसटले की पाचशे कोटींचे पन्नास कोटी होतात, आणि सकाळी लाखो प्रतींवर ते तसेच छापलेले असते.

पडताळणीची एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. ती खोट्याला अडवते, तशी खऱ्याला ‘दुरुस्त’ होण्यापासूनही वाचवते. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर झाला. हे दोन आकडे एका कॉपीत शेजारी आले तर कोणाही अनुभवी माणसाला वाटेल की एकात टंकाची चूक आहे. अंदाजाने दुरुस्ती करणारा इथे खऱ्याचे खोटे करून बसला असता. म्हणून डेस्कवरचा जुना दंडक असा आहे की शंका आली तर अंदाज करू नये, विचारावे. वेधशाळेला फोन करावा, बातमीदाराला उठवावे, आणि आकड्यासोबत ठिकाण व वेळ छापावी.

तीन वाक्यांची झडती

हे काम कसे चालते ते पाहण्यासाठी नमुन्याची एक छोटी कॉपी घेऊ. गाव आणि माणसे काल्पनिक आहेत, चुका मात्र रोजच्या आहेत.

‘पाणीपट्टी थकल्याने नगरपालिकेला दरमहा ४० लाख रुपयांचा तोटा होत असून वर्षभरात तो ६ कोटींवर गेला आहे. शहरातील १२ हजार नळजोडधारकांपैकी ४ हजार ५०० जणांनी, म्हणजे जवळपास निम्म्या नागरिकांनी, पट्टी भरलेली नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे ही वेळ आल्याचे बोलले जात आहे.’

वाचायला ही बातमी गुळगुळीत आहे. पाणी, पैसा, बेजबाबदार अधिकारी. वाचकाला ती आवडेल आणि डेस्कलाही. आता पेन्सिल घेऊ.

पहिले वाक्य. ४० लाख गुणिले १२ म्हणजे ४ कोटी ८० लाख. मग ६ कोटी कुठून आले? कदाचित मागच्या वर्षीची बाकी धरली असेल, कदाचित दरमहाचा आकडा सरासरीचा असेल, कदाचित दोन आकडे दोन अधिकाऱ्यांनी सांगितले असतील. यातले काय ते बातमीदारच सांगू शकतो. शिवाय थकबाकी म्हणजे तोटा नव्हे. येणे असलेली रक्कम उशिरा का होईना वसूल होऊ शकते, तोटा झालेली रक्कम गेलेली असते. नगरपालिकेच्या हिशेबात या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत असतात, बातमीतही त्या वेगळ्या राहिल्या पाहिजेत.

दुसरे वाक्य. १२ हजारांपैकी ४ हजार ५०० म्हणजे साडेसदतीस टक्के. ‘जवळपास निम्मे’ म्हटले की बातमीला वजन येते, पण ते उसने असते. ‘तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक’ हे खरे आहे. आणि ‘नागरिक’ कोठून आले? नळजोड हा घराचा, सोसायटीचा, कारखान्याचा किंवा एखाद्या सरकारी कचेरीचाही असतो. मोठी थकबाकी सरकारी कार्यालयांकडेच असेल तर बातमीचा रोखच बदलतो. म्हणून इथे आणखी एक प्रश्न उभा राहतो: थकबाकीदारांची यादी मिळाली आहे का, आणि सर्वांत मोठे दहा कोण? कित्येकदा पडताळणीच्या अशा एका प्रश्नातून मूळ बातमीपेक्षा चांगली बातमी निघते.

तिसरे वाक्य. ‘बोलले जात आहे’. कोण बोलत आहे? विरोधी पक्षाचा नगरसेवक म्हणत असेल तर त्याच्या नावाने लिहावे. लेखापरीक्षणाच्या अहवालात तसा शेरा असेल तर अहवालाचे वर्ष द्यावे. कोणीच जबाबदारीने म्हणत नसेल तर ते वाक्य कॉपीतून जावे. आणि ते राहणार असेल तर मुख्याधिकाऱ्यांचे म्हणणे त्याच बातमीत, त्याच दिवशी आले पाहिजे. ‘संपर्क होऊ शकला नाही’ असे छापण्याआधी खरोखर संपर्काचा प्रयत्न झालेला असावा लागतो, आणि तो किती वाजता, कोणत्या मार्गाने झाला हे बातमीदाराच्या वहीत असावे लागते.

तीन वाक्यांतून एवढे प्रश्न निघाले. त्यांना लागणारा वेळ दोन-तीन फोनांचा. दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागण्यापेक्षा हा वेळ केव्हाही स्वस्त.

दुसरा स्रोत खरेच दुसरा आहे का?

महत्त्वाची बातमी किमान दोन स्रोतांकडून पक्की करावी, हे पत्रकारितेच्या पहिल्या वर्गात शिकवले जाते. अवघड भाग पुढे आहे. दोन्ही स्रोत एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. तीन वाहिन्यांवर आणि चार संकेतस्थळांवर झळकलेली बातमी एकाच वृत्तसंस्थेच्या एका ओळीवरून उचललेली असेल, तर ते सात स्रोत होत नाहीत, एकच होतो. आणि स्रोत कितीही मोठा असला, तरी त्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे का, हे पाहावे लागते.

मार्च १९७९ मध्ये याचा दाखला साऱ्या देशाने पाहिला. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जयप्रकाश नारायण यांचे निधन झाल्याचे जाहीर केले. सभागृहाचे कामकाज थांबले, आकाशवाणीचे नेहमीचे कार्यक्रम बंद झाले, शाळा आणि दुकाने बंद होऊ लागली. जयप्रकाश त्या वेळी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार घेत होते आणि जिवंत होते. त्यांचे निधन झाले ते त्यानंतर काही महिन्यांनी, ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, पाटण्यात. पंतप्रधानांहून मोठा अधिकृत स्रोत देशात नव्हता, पण पंतप्रधान दिल्लीत होते आणि रुग्ण मुंबईत. निधनाची बातमी पक्की करू शकतो तो उपचार करणारा डॉक्टर किंवा घरचे माणूस. आजही चांगल्या डेस्कवर निधनाचे वृत्त यांपैकी एकाचे नाव असल्याशिवाय सोडत नाहीत, मग समाजमाध्यमांवर श्रद्धांजलीचा कितीही पूर येवो.

स्रोताच्या बाबतीत आणखी बारीक चूक कशी होते, ते अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणात दिसले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांनी २५ ऑक्टोबर १९७२ रोजी बातमी दिली की राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे निकटचे सहकारी एच. आर. हाल्डेमन यांचे गुप्त निधीवर नियंत्रण होते, आणि निक्सन यांच्या प्रचार समितीचे माजी खजिनदार ह्यू स्लोन यांनी ग्रँड ज्युरीपुढे तसे सांगितले आहे. छापण्याआधी बर्नस्टीनने आणखी एका स्रोताला फोन केला होता. तो उघड बोलायला तयार नव्हता. तेव्हा असे ठरले की बर्नस्टीन दहापर्यंत आकडे मोजेल. बातमी थांबवण्याजोगे काही असेल तर समोरच्याने त्याआधी फोन ठेवून द्यायचा. समोरच्याने फोन ठेवला नाही, आणि बर्नस्टीनने तो होकार धरला. पुढे कळले की समोरच्याचा या खुणेबाबत गैरसमज झाला होता. बातमी आल्यावर स्लोन यांच्या वकिलाने ती ठामपणे फेटाळली. निधीवर हाल्डेमन यांचे नियंत्रण होते हे खरे होते, पण स्लोन यांनी ग्रँड ज्युरीपुढे तसे सांगितले नव्हते, कारण तो प्रश्न त्यांना विचारलाच गेला नव्हता. तथ्य बरोबर होते आणि त्याचा आधार चुकीचा सांगितला गेला. तेवढ्यानेही महिनोन्‌महिने केलेल्या कामावर शंका घेण्याची संधी विरोधकांना मिळाली.

म्हणून पडताळणी करताना दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या असतात: ही गोष्ट घडली का, आणि ज्याच्या तोंडी आपण ती घालतो आहोत त्याने ती सांगितली का.

शब्दागणिक ठिपका

दैनिकाकडे तास असतात, साप्ताहिकाकडे दिवस. त्यामुळे पडताळणीचे स्वतंत्र खाते आधी नियतकालिकांत उभे राहिले. अमेरिकेत ‘टाइम’ साप्ताहिक १९२३ मध्ये निघाले, तेव्हा लेखांतले तपशील तपासण्यासाठी नॅन्सी फोर्ड यांना नेमण्यात आले. पुढे तिथे या कामाची शिस्तच बसली. तपासलेल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने ठिपका द्यायचा, आणि ठिपका नसलेला शब्द छापायला जायचा नाही. १९२५ मध्ये निघालेल्या ‘न्यूयॉर्कर’ने दोन वर्षांनी कवयित्री एडना सेंट व्हिन्सेंट मिले यांच्यावर लेख छापला. त्यात इतक्या चुका होत्या की कवयित्रीच्या आईने त्या दाखवून देणारे खरमरीत पत्र पाठवले. तिथल्या प्रसिद्ध पडताळणी विभागाची सुरुवात या प्रसंगापासून सांगितली जाते. या विभागातली माणसे लेखात उल्लेख असलेल्यांना स्वतंत्रपणे फोन करतात. लेखात आले आहे ते तुम्ही असेच म्हणालात का, इतकेच विचारून थांबत नाहीत. तुमच्या खोलीला खिडकी कोणत्या बाजूला आहे, असेही विचारतात.

या बाबतीत युरोपात ‘डेर श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकाचा दबदबा होता. त्याच्या दस्तऐवज विभागात साठच्या आसपास माणसे तपासणीचे काम करत. आणि तरीही डिसेंबर २०१८ मध्ये या साप्ताहिकाला जाहीर करावे लागले की क्लास रेलोटियस या आपल्या पुरस्कारविजेत्या वार्ताहराने वर्षानुवर्षे माणसे, संवाद आणि प्रसंग रचून लिहिले होते.

हे कसे निसटले? शहराची लोकसंख्या, रस्त्याचे नाव, एखाद्या कायद्याचे वर्ष यांचा ताळा पुस्तकांत आणि नोंदींत घेता येतो. पण एकट्या वार्ताहराने एकट्या माणसाशी बंद खोलीत केलेल्या संभाषणाचा ताळा कशाशी घ्यायचा? तिथे विभाग वार्ताहराच्या शब्दावर विसंबला. खोटेपणा उघड झाला तो हुआन मोरेनो या सहकाऱ्यामुळे. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या एका लेखावर दोघांची नावे होती. मोरेनोला रेलोटियसच्या भागातले तपशील पटेनात. वरिष्ठांनी सुरुवातीला त्याचे ऐकले नाही. तो स्वतःच्या खर्चाने ॲरिझोनात गेला, लेखातली माणसे शोधून काढली आणि त्यांना विचारले. रेलोटियस आपल्याला कधी भेटलाच नाही, असे त्यांनी सांगितले.

या प्रकरणातली लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे रेलोटियसचे लेख अतिशय सुंदर असत. त्यांत प्रत्येक पात्र नेमके ते बोलत असे जे बोलायला हवे होते. ट्रम्प यांना मत देणारे अमेरिकेतले छोटे गाव कसे असेल, याची जर्मन वाचकाच्या मनात जी प्रतिमा होती, तसेच ते गाव त्याच्या लेखात उतरले. ज्या विभागाला आकडे तपासण्याची एवढी सवय होती, त्याने ‘ही गोष्ट इतकी नेटकी कशी?’ हे विचारले नाही. खऱ्या बातमीत काहीतरी अडते, न जुळणारे राहते. काहीच अडत नसेल तर संपादकाने थांबले पाहिजे.

ज्याच्याविषयी लिहिले, त्याला विचारले का?

नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने व्हर्जिनिया विद्यापीठातल्या सामूहिक अत्याचाराच्या आरोपाचा एक दीर्घ वृत्तान्त छापला. तो जवळजवळ पूर्णपणे एका विद्यार्थिनीच्या सांगण्यावर उभा होता. त्या रात्री तिला भेटलेल्या तीन मित्रांशी लेखिका बोललेली नव्हती, तरी त्यांचे संवाद लेखात होते. ही उणीव संपादकांना ठाऊक होती. हळव्या विषयात जास्त खोदू नये, या भावनेने ती तशीच राहिली. नंतर इतर पत्रकारांनी त्या मित्रांना गाठले, तेव्हा हकीकत वेगळी निघाली. एप्रिल २०१५ मध्ये मासिकाने लेख मागे घेतला आणि कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाने केलेले परीक्षण जसेच्या तसे प्रसिद्ध केले. सहानुभूती हे न विचारण्याचे कारण होऊ शकत नाही, हे त्यातून दिसले. अशा लेखाने सर्वांत मोठे नुकसान होते ते खरोखर अत्याचार सोसलेल्या मुलींचे, कारण पुढच्या वेळी त्यांच्यावर विश्वास ठेवणे लोकांना जड जाते.

महाराष्ट्रातले उदाहरण छायाचित्राचे आहे. १० सप्टेंबर २००८ रोजी ‘टाइम्स नाऊ’ वाहिनीने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी देताना छायाचित्र दाखवले ते न्या. पी. बी. सावंत यांचे. बातमीशी संबंध होता तो मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच न्यायाधीशांचा. सावंत हे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि भारतीय प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. छायाचित्र पडद्यावर सुमारे १५ सेकंद होते. वाहिनीने ते काढले, पण माफी दाखवायला बरेच दिवस लावले. सावंत यांनी पुण्यात दावा लावला आणि २०११ मध्ये न्यायालयाने १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला. एवढी मोठी रक्कम योग्य होती का, यावर पत्रकारांत मतभेद झाले आणि ते समजण्यासारखे आहेत. पण चूक कुठे झाली यावर मतभेद असण्याचे कारण नाही. साठ्यातून छायाचित्र काढणाऱ्याने नाव पाहिले, माणूस पाहिला नाही, आणि तपासायला दुसरी नजर नव्हती. मजकुराइतकीच छायाचित्राच्या ओळीची पडताळणी लागते: कोण, कुठे, केव्हा, आणि हे कोणी टिपले. आता यंत्राने बनवलेली चित्रे आणि आवाज सहज मिळतात, तेव्हा यातला शेवटचा प्रश्न पहिला झाला आहे.

जबाबदारी कोणाची?

कोणत्याही दैनिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टंकात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचे नाव असते. १८६७ च्या कायद्यापासून ही ओळ चालत आली. मार्च २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणीचा २०२३ चा नवा कायदा लागू आहे. बातमी कोणीही लिहिलेली असो, उत्तर द्यायला संपादक उभा राहतो. भारतीय न्याय संहितेत अब्रुनुकसानी आजही फौजदारी गुन्हा आहे. त्याच संहितेच्या कलम ७२ नुसार लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीची ओळख छापता येत नाही. बालकांच्या बाबतीत पॉक्सो आणि बाल न्याय कायदा तेच सांगतात. नाव काढले की काम झाले, असे इथे समजायचे नसते. लहान गावात मुलीची शाळा, वडिलांचा व्यवसाय आणि वाडीचे नाव एका परिच्छेदात आले की ओळख उघडी पडते. असा तपशील वेगवेगळ्या वाक्यांत विखुरलेला असतो. सगळे एकत्र ठेवून वाचणारा उपसंपादकच तो पकडू शकतो.

पडताळणीच्या आड नेहमी येते ती वेळ. ३ नोव्हेंबर १९४८ च्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने पहिल्या पानावर अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत ड्यूई यांनी ट्रुमन यांना हरवल्याचा मथळा दिला. छपाई कामगारांच्या संपामुळे पान नेहमीपेक्षा काही तास आधी सोडावे लागत होते आणि मतमोजणी पूर्ण झाली नव्हती. पण घाई एकटी जबाबदार नव्हती. ड्यूई निवडून येणार, असे चाचण्या सांगत होत्या, जाणकार सांगत होते आणि पत्रालाही तेच हवे होते. सुमारे दीड लाख प्रती छापल्या गेल्या. जिंकलेल्या ट्रुमन यांनी तो अंक हसत हसत उंच धरला आणि ते छायाचित्र जगभर गेले. त्या रात्री ‘मतमोजणी सुरू, चित्र अस्पष्ट’ असा मथळा रुचकर नसता, पण खरा असता. आपल्याकडे डाक आवृत्ती सोडताना ‘आघाडीवर’ आणि ‘विजयी’ यांतले अंतर पाळणे, किंवा अपघातातल्या मृतांच्या आकड्यापुढे ‘रात्री साडेअकरापर्यंत, पोलिसांच्या माहितीनुसार’ असे लिहिणे, ही त्याच संयमाची रोजची रूपे आहेत.

संकेतस्थळांवर आवृत्तीची वेळच उरली नाही. प्रत्येक मिनिट ही डेडलाइन झाली. ‘आधी टाकू, मग सुधारू’ ही सवय इथे लागते. पण वाचकाने उचलून पुढे पाठवलेली चुकीची ओळ आपल्या मागाहूनच्या सुधारणेने परत येत नाही. गेल्या काही वर्षांत ‘बूम’ आणि ‘ऑल्ट न्यूज’सारखे गट व्हायरल दाव्यांची झाडाझडती घेतात. त्यांचे काम मोलाचे आहे, पण ते खोटे पसरल्यानंतर सुरू होते. छापण्याआधीच्या तपासाला तो पर्याय नाही.

तरी चुका होतातच, आणि म्हणून दुरुस्ती हा पडताळणीचाच शेवटचा टप्पा धरला पाहिजे. ‘द हिंदू’ने २००६ मध्ये स्वतंत्र वाचक-संपादक नेमला आणि दुरुस्त्यांसाठी ठरलेली जागा ठेवली. त्यामागची समजूत अशी की चूक मान्य केल्याने विश्वास कमी होत नाही, ती लपवल्याने होतो. मराठी पत्रांत खुलासा छापला जातो, पण पुष्कळदा तो आतल्या पानाच्या कोपऱ्यात असतो आणि मूळ चूक काय होती हे त्यातून कळत नाही. दुरुस्तीत चूक काय होती, खरे काय आहे आणि मूळ बातमी कोणत्या तारखेची, या तिन्ही गोष्टी हव्यात. मूळ बातमी जितकी ठळक होती, दुरुस्तीही तितकीच ठळक असली तर फारच चांगले.

हे सगळे खर्चाचे आहे. डेस्कवर माणसे लागतात, त्यांना वेळ लागतो, आणि कधीकधी हातातली सनसनाटी बातमी एक दिवस धरून ठेवावी लागते. हा खर्च व्यवस्थापनाला पटवून देण्याची ताकद शेवटी वाचकाकडे आहे. बातमी वाचताना आकडा कोणी दिला, आरोपाला उत्तर छापले आहे का, ‘समजते’ आणि ‘बोलले जाते’ यांच्यामागे कोण आहे, हे वाचकाने पाहावे. चूक दिसली तर ती गटांत फिरवण्याआधी संपादकाला दोन ओळी लिहून कळवावी, तारीख आणि पान देऊन. आणि जी बातमी वाचताच ‘मला वाटलेच होते’ असे तोंडातून निघते, ती पुढे पाठवण्याआधी पुन्हा एकदा वाचावी. डेस्कवरच्या चांगल्या उपसंपादकाची सवय हीच आहे, आणि ती अंगी बाणवायला पत्रकार असण्याची गरज नाही.